पाव सेकंदाची थबक

खवल्याचं खोकं उघडण्याआधी पराग विसपुतेनं नेहमीप्रमाणे कॅमेरा चालू केला आणि मग कात्री उचलली. जळगावातल्या त्याच्या घराच्या वरच्या मजल्यावर, उत्तरेकडच्या खिडकीशी हे टेबल होतं. गेल्या चौदा वर्षांत या टेबलावर हजाराच्या वर रूपांतरी यंत्रमानव उघडले गेले होते. मोटारीचे होणारे, विमानाचे होणारे, एक तर चक्क रसवंतीच्या चरकाचा होणारा. कुणी त्यांना खेळणी म्हटलं की परागच्या कपाळावर आठी चढायची. सांधा किती घट्ट आहे, रंग कुठे पातळ बसलाय, कुठला खटका वर्षभरात तुटेल, हे तो हातात घेऊन सांगायचा. इंटरनेटवर पाच लाख माणसं ते बघायची आणि त्याच्या शब्दावर संग्रहात भर घालायची की नाही ते ठरवायची.

हा नवा नग, खवल्या, पुण्याच्या 'कायांतर' कंपनीचा होता. उभा असताना नऊ इंची यंत्रमानव. गुडघे मुडपून पाठीवरची पाती उलटी केली की खवले मांजर. आणखी एकदा दाबला की खवल्यांचा मिटलेला चेंडू. असे तीन हजार नग विक्रीला यायचे होते, आणि त्याआधी एक परीक्षणासाठी परागकडे आला होता.

"आणि मंडळी, यात एकही मोटर नाही," तो कौतुकानं म्हणाला. "तरी हा स्वतःहून हलतो."

ते खरंच होतं. खवल्याच्या चौसष्ट सांध्यांतून केसाइतक्या बारीक तारा ओवलेल्या होत्या. त्यांचा मिश्रधातू आपला मूळ आकार लक्षात ठेवतो. किंचित वीज दिली की तापून तो त्या आकाराकडे ओढला जातो, स्नायू आखडावा तसा. अंगावरच्या खवल्यांखाली दाब मोजणारी नाजूक कातडी होती. बोटांचा दाब ती सेकंदाला हजार वेळा मोजायची. तुम्ही हात फिरवायला सुरुवात केली की तुम्हाला काय करायचंय हे खवल्या ओळखायचा आणि उरलेलं वळण स्वतः पूर्ण करायचा. अर्धं काम माणसाचं, अर्धं त्याचं.

उजव्या हातानं परागनं पाठीची पाती उलटवली. ती सरसर मिटत गेली. त्याला हसू आलं. मग कॅमेऱ्याला दुसरी बाजू दिसावी म्हणून त्यानं तेच डाव्या हातानं केलं, आणि खवल्या मध्येच थांबला. बोलता बोलता एखाद्याला नाव आठवू नये, तसा. क्षणभरच. मग पाती पूर्ण मिटली.

"इथे जरा अडकतोय," पराग म्हणाला आणि त्यानं पुन्हा करून पाहिलं. दहापैकी सात वेळा तो थबकला. चित्रण थांबवून थांबवून मोजलं तर थबक पाव सेकंदाची भरली.

त्यानं दोष कळवला. कंपनीनं तीन दिवसांत दुसरा नग पाठवला. तोही थबकला, त्याच सांध्यावर, तेवढाच वेळ.

त्याची बायको ज्योत्स्ना गच्चीवरचे कपडे काढून खाली निघाली होती. परागनं तिला दारातच अडवलं. "जरा हे फिरवून बघ गं. डाव्या हातानं."

तिनं कपड्यांचा गठ्ठा खुर्चीवर टाकला आणि दहा वेळा खवल्याचा चेंडू केला. एकदाही तो थांबला नाही. परागनं लगेच तिच्या हातातून घेतला. पहिल्याच वळणाला थबक.

"तुमच्या हाताला तेलबिल लागलंय का?" ज्योत्स्नानं विचारलं.

परागनं साबणानं हात धुतले. नखं कापली. दोन्ही हात उन्हात धरून शेकले. खवल्या थबकतच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"विसपुते सर, मी शर्वाणी इनामदार. कायांतरमध्ये सांध्यांचं काम माझ्याकडे आहे. हा फोन मी माझ्या स्वतःच्या नंबरवरून करतेय. कंपनीकडून नाही."

"बरं झालं केलात. दोन्ही नगांत एकच दोष आहे, मॅडम."

"दोष नाही तो." ती थांबली. "तो तुमच्या हाताची वाट बघतो."

मग तिनं समजावून सांगितलं. निरोगी माणसाच्या हातालाही कंप असतो, सेकंदाला आठ ते बारा वेळा, डोळ्यांना न दिसणारा. तो खवल्या गाळून टाकतो. पण काही हातांत त्याहून संथ, चार ते सहा वेळांचा कंप असतो. आणि तेच वळण पुन्हा पुन्हा घेताना अशा हाताची हालचाल दर खेपेला थोडी थोडी आखूड होत जाते. त्यात माणसाची इच्छा कुठली आणि नुसता कंप कुठला हे खवल्याला चटकन उमगत नाही. म्हणून तो थांबतो, नीट वाचतो आणि मग पुढे जातो.

"असा हात कशानं होतो?" परागनं विचारलं.

"मी डॉक्टर नाही, सर."

"सांगा हो, मॅडम."

"चाचणीला आमच्याकडे दोनशे दहा माणसं होती. सहा जणांच्या हातात तो असा थबकला. वर्षभरात त्यांतल्या चौघांना कंपवाताचं निदान झालं."

"आणि उरलेले दोघे?"

"त्यांनी तपासून घेतलेलं नाही," शर्वाणी म्हणाली. "त्यांना कुणी सांगितलेलंच नाही."

ती घाईघाईनं पुढे बोलत राहिली. हाताच्या सगळ्या नोंदी पुण्याला कंपनीकडे जातात. वापराच्या अटी कुणी वाचत नाही, पण त्यांत तशी परवानगी आहे. आरोग्यविमा विकणाऱ्या एका कंपनीची माणसं गेल्या महिन्यात दोनदा येऊन गेली. ती कशासाठी आली होती हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यांनी खवल्याबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता. सगळे प्रश्न नोंदींबद्दल होते.

"तुम्ही डॉक्टरांना दाखवा, सर," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

पराग खुर्चीत बसून आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिला. हात मांडीवर शांत पडला होता. नेहमीसारखाच दिसत होता. त्याला आपल्या वडिलांचा हात आठवला.

काशिनाथ विसपुते सराफ बाजारात हिरे-माणकं बसवायचे. पन्नाशीला त्यांचा हात हलायला लागला. माणसं कुजबुजली, काशिनाथ प्यायला लागला. सुपारीसुद्धा न खाणारा माणूस तो. गिऱ्हाइकं एकेक करून दुसऱ्या पेढीवर गेली. मग ते दुकानात हात मांडीखाली दाबून बसायला लागले. आजाराचं नाव कळलं तोवर त्यांच्यासमोर कुणी दागिना ठेवत नव्हतं.

आता ती गादी थोरला भाऊ गिरीश चालवत होता. बावन्न वर्षांचा, वडिलांसारखाच अबोल, आणि दगड बसवण्यात वडिलांच्या वरचढ. पराग दुपारी खवल्याला पिशवीत घालून दुकानात गेला. आपण कशाला चाललोय, हे तो स्वतःशीही नीट कबूल करत नव्हता. भावाच्या हातात हा थबकला नाही तर शर्वाणीचं काहीतरी चुकतंय असं म्हणता येईल, एवढीच आशा त्याला होती.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. गिरीश भिंगाखाली एका नथीवर वाकला होता. परागनं पाहिलं, त्याचं उजवं मनगट लाकडी ठोकळ्याला घट्ट टेकवलेलं होतं, नुसतं टेकवलेलं नव्हे तर रेटलेलं.

"दादा, हे जरा फिरवून बघ ना."

"काम आहे रे, पऱ्या."

"एकदाच."

गिरीशनं वैतागून खवल्या हातात घेतला आणि पाठीची पाती दाबली. खवल्या थांबला. पुढच्या सांध्याला पुन्हा थांबला. मग प्रत्येकच सांध्याला. पाव नाही, अर्धा सेकंद, कुठे त्याहून जास्त. एरवी डोळ्याची पापणी लवेतो होणारा चेंडू व्हायला इतका वेळ लागला, की बाहेरच्या रसवंतीची घंटी मध्ये तीनदा वाजलेली परागला ऐकू आली.

गिरीशनं खवल्या खाली ठेवला. भावाच्या चेहऱ्याकडे बघितलं. आपला हात याला ओळखू आलाय, हे त्याला समजलं.

"हे यंत्र कितीजणांना सांगतं?" त्यानं विचारलं.

"कधीपासून, दादा?"

"दोन दिवाळ्या झाल्या."

"आणि तू कुणालाच..."

"कुणाला सांगायचं? बाबांचं काय झालं ते आपण दोघांनीच बघितलंय." गिरीशनं नथ डबीत ठेवली. झाकण लावताना डबी टेबलावर खडखडली. "तुझा काय विचार आहे? लोकांना सांगणार?"

"माझा हातसुद्धा, दादा. डावा."

गिरीश उठला, काउंटरच्या या बाजूला आला आणि त्यानं परागचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. क्षणभर त्या दुकानात दोघे भाऊ तसेच उभे होते. परागला आता तो कंप जाणवत होता, पण तो कुणाच्या हातातला हे कळत नव्हतं.

"हे जगाला सांगू नकोस," गिरीश हलक्या आवाजात म्हणाला. "तू फक्त स्वतःचं सांगशील, मला माहीत आहे. पण आडनाव आपलं एकच आहे. विसपुत्यांच्या धाकट्याचा हात हलतो म्हटल्यावर थोरल्याच्या हाताकडे कोण बघणार नाही? पऱ्या, सहा महिने दे मला. हातातली कामं पुरी होऊ देत."

पराग "बघतो" म्हणाला. पण शुक्रवारी सकाळी दहाला परीक्षण प्रसिद्ध व्हायचं होतं आणि त्यानंतर तासाभरात तीन हजार नगांची विक्री सुरू होणार होती.

बुधवारी कंपनीचं पत्र आलं. आधीचा 'सदोष' नग ताबडतोब परत पाठवा. परागनं कपाट उघडलं. खोकं होतं. आत खवल्या नव्हता.

त्याची मुलगी ऋजुता बारावीत होती. कॅरममध्ये राज्य पातळीवर खेळायची. तिच्या दप्तरात, पुस्तकांच्या मागे, पहिला खवल्या चेंडू होऊन पडलेला त्याला सापडला. परागनं फोनमध्ये त्या नगाची नोंद उघडली. पडद्यावर ओळी होत्या: वापरकर्ता एक. वापरकर्ता दोन. दुसऱ्या ओळीपुढे आकडा होता, एकशे चाळीस रूपांतरं. त्यावर बोट ठेवलं की थबकांचा आलेख उघडणार होता.

परागच्या कानात रक्त घुमत होतं. सतरा वर्षांची पोर. तिचं स्ट्रायकरवर टेकलेलं बोट त्याच्या डोळ्यांपुढे आलं. त्यानं आलेख उघडला नाही. खालचं 'पुसून टाका' दाबलं, 'नक्की?' असं विचारल्यावर पुन्हा दाबलं.

मागे ज्योत्स्ना उभी होती. त्यानं तिला फोनपासून दुकानापर्यंत सगळं सांगितलं. ती पलंगाच्या कडेवर बसून ऐकत होती.

"तुम्ही पाहिलंत?" तिनं शेवटी विचारलं.

"नाही."

"बरं केलंत." ती साडीच्या पदराची गाठ सोडत आणि बांधत राहिली. जरा वेळानं तिनंच विचारलं, "बरं केलं ना आपण?"

गुरुवारी तो नाशिकला मेंदूविकारतज्ज्ञाकडे जाऊन आला. त्यांनी त्याला चालायला लावलं, बोटं चिमटीसारखी उघडायला-मिटायला लावली. चालताना डावा हात उजव्यापेक्षा कमी हलतो, एवढं दिसलं. "नक्की काही म्हणता येणार नाही. सहा महिन्यांनी या," डॉक्टर म्हणाले. यंत्राला जे पाव सेकंदात कळलं होतं, ते सांगायला माणसाला सहा महिने हवे होते. परतीच्या वाटेवर परागला राहून राहून वाटत होतं, आपण गप्प राहिलो तर त्या तीन हजार घरांत काय होईल? कुणाला कळणार नाही. फक्त पुण्यात एका यंत्रात नोंद होत राहील, आणि एक दिवस विम्याच्या कुठल्यातरी अर्जावर कारण न देता नकार येईल.

त्यानं गिरीशला फोन केला. "दादा, मी सांगणार आहे. फक्त माझं."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

शुक्रवारी दहा वाजता त्याचं परीक्षण प्रसिद्ध झालं. त्यात त्यानं रंग, वजन, सांधे यांबद्दल नेहमीसारखंच सांगितलं. कारागिरी अव्वल आहे, असंही म्हणाला, कारण ते खरं होतं. मग खवल्या डाव्या हातात घेतला आणि लागोपाठ वीस वेळा फिरवला. "बघा, इथे थांबतो," तो म्हणाला. "तो का थांबतो ते मी तुम्हाला सांगतो." शर्वाणीचं नाव न घेता त्यानं सगळं सांगितलं, स्वतःच्या हातासकट.

संध्याकाळपर्यंत त्याच्याकडे निरोपांची रीघ लागली. बऱ्याचजणांनी त्याला प्रसिद्धीसाठी खोटं बोलतो म्हणून शिव्या दिल्या. पण मधूनमधून वेगळेही निरोप होते. साताऱ्याच्या एका शल्यविशारदानं लिहिलं, 'आगाऊ मिळालेला नग माझ्या उजव्या हातात थांबतो. उद्या माझ्या तीन शस्त्रक्रिया आहेत. मी काय करू?' परागनं ते वाचून फोन उलटा ठेवला. आपण माणसांच्या घरात नेमकं काय सोडलंय, ते त्याला तेव्हा पहिल्यांदा नीट समजलं.

ऋजुतानं परीक्षण मैत्रिणीच्या घरी पाहिलं होतं. ती आली आणि चप्पल न काढताच वर गेली.

"बाबा, तो माझ्याकडे चार दिवस होता. माझ्या हातात थांबला का?"

"मी नोंद पाहिली नाही. पुसून टाकली."

"पण फोनवरची. पुण्याला गेलेली कशी पुसणार?"

परागनं फोन उचलला; पडद्यावर नोंद पाठवण्याचा हिरवा ठिपका लुकलुकत होता.

"म्हणजे त्यांना माहीत आहे आणि मला नाही," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण तिचे हात तिनं आपसूक पाठीमागे नेले होते.

तिला दुसरा नग हातात घेऊन पाहायचा होता. ज्योत्स्नानं तिला जिल्हा स्पर्धा होईपर्यंत थांबवलं. त्या दोन आठवड्यांत घरात कुणी कुणाच्या हातांकडे बघत नव्हतं. ताटात वाढताना पळी हलली तरी सगळ्यांच्या माना एकदम दुसरीकडे वळायच्या. कायांतरनं पत्रक काढून सगळे आरोप फेटाळले. शर्वाणीचा नंबर लागेना. खवल्याचे तीन हजार नग चाळीस मिनिटांत विकले गेले होते. परीक्षणामुळे मागणी आणखी वाढली होती.

स्पर्धा झाली. ऋजुता उपांत्य फेरीत हरली. पुढच्या रविवारी सकाळी दारात गिरीश उभा होता. त्या फोननंतर तो परागशी एक शब्द बोलला नव्हता. त्याचा उजवा हात उघडउघड हलत होता आणि त्यानं तो खिशात घातला नव्हता.

"मी गिऱ्हाइकांना सांगून टाकलं," तो सोफ्यावर बसत म्हणाला. "निम्मी गेली. निम्मी म्हणाली, तुम्ही नुसतं बसून बघा, हात दुसऱ्याचा चालेल." मग परागकडे न बघता म्हणाला, "गोळ्या सुरू केल्यात. दोन वर्षं आधी करायला हव्या होत्या."

पराग त्याच्याशेजारी जाऊन बसला. ज्योत्स्ना पोह्यांच्या बशा घेऊन आली. तेवढ्यात ऋजुता वरून उतरली. तिच्या हातात खवल्या होता.

"आज करते," ती म्हणाली. "सगळे आहात तेव्हाच."

कुणी तिला अडवलं नाही. तिनं उजव्या हातानं पाती दाबली. परागनं श्वास रोखला. पाती सरसर मिटली. पुन्हा. पुन्हा. तिनं वीस वेळा केलं, मग डाव्या हातानं वीस वेळा. खवल्या एकदाही थांबला नाही. ज्योत्स्नाच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं आणि ती हसायला लागली. ऋजुतानं काकाच्या गळ्यात हात टाकले. परागला आपले खांदे इतके दिवस वर चढलेले होते हे आत्ता कळलं.

"आण इकडे त्याला," गिरीश हसत म्हणाला. "माझी फजिती बघा आता."

त्यानं खवल्या घेतला. त्याचा हात इतका हलत होता की खवल्याचं डोकं डोलत होतं. त्यानं पाती दाबली.

खवल्या एका दमात मिटला. कुठेही न थांबता, लोण्यासारखा, गिरीशच्या थरथरत्या तळव्यावर नीटस चेंडू होऊन बसला.

परागनं तो डाव्या हातात घेऊन फिरवला. एक थबक नाही. त्यानं फोन काढला. पहाटे कंपनीनं सगळ्या नगांना दूरवरून नवी आज्ञावली पाठवली होती. सोबत एक ओळ होती: 'काही ग्राहकांना जाणवणारी थबक दूर करण्यात आली आहे.' आलेखाचं पान आता कुठेच नव्हतं. नोंद पाठवण्याचा हिरवा ठिपका मात्र होता, आणि तो लुकलुकत होता.

ऋजुतानं वडिलांच्या खांद्यावरून वाकून ते वाचलं.

"म्हणजे माझ्या हातात तो थांबला नाही, त्याला काही अर्थ नाही?"

ज्योत्स्नानं मुलीचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरले, आणि टेबलावरच्या चेंडूच्या पोटातून त्या सकाळी त्याला लागलेल्या सगळ्या बोटांची नोंद एकेक करून पुण्याला जात राहिली.